भावाचा ल्युकेमिया रेमिशनमध्ये आहे, पण पहिल्या दिवसाचा जनुकांचा रिपोर्टच नाही

सक्करदरा
६ ऑक्टोबर, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

माझा धाकटा भाऊ ३८ वर्षांचा. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात त्याचा ताप उतरेना आणि दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. गल्लीत तिघांना डेंग्यू झालेला, आम्हालाही तेच वाटलं. सीबीसी केली तर पांढऱ्या पेशी ६४ हजार आणि प्लेटलेट १८ हजार. लॅबच्या मॅडमनी स्वतः फोन करून सांगितलं, रिपोर्ट न्यायला येऊ नका, आधी पेशंटला ॲडमिट करा. तीन दिवसांनी निदान कळलं: एएमएल, म्हणजे अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया. क्रोमोसोमचा रिपोर्ट नॉर्मल आला.

पहिली केमो सात दिवसांची. सातही दिवस सायटाराबिन आणि पहिले तीन दिवस डॉनोरुबिसिन. नंतरचे तीन आठवडे काऊंट तळाला. त्या काळात एसडीपी, म्हणजे मशीनवर एकाच दात्याकडून घेतलेल्या प्लेटलेट, द्यायला त्याच्या ऑफिसातले नऊ जण आणि माझ्या शाळेतले चार शिक्षक आले. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. मग दुसऱ्या हॉस्पिटलात मत घ्यायला गेलो, तिथे बोन मॅरोची तपासणी झाली. ब्लास्ट, म्हणजे कच्च्या पेशी, २ टक्के. रेमिशन, म्हणजे आजार दिसेनासा! घटस्थापनेला आई टेकडीच्या गणपतीला जाऊन आली, घरी पेढे वाटले. दुसरी केमोही तिथेच सुरू झाली.

तिथल्या डॉक्टरांनी त्या मॅरोचा थोडा भाग एनजीएस पॅनेलला, म्हणजे एकाच वेळी बरीच जनुकं वाचणाऱ्या तपासणीला, पाठवला होता. काल रिपोर्ट आला. डीएनएमटी३ए नावाच्या जनुकात बदल, प्रमाण १८ टक्के. बाकी काही नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून पहिला प्रश्न विचारला, "निदानाच्या दिवशीचा एनजीएस कुठे आहे?" तो नाहीच. पहिल्या हॉस्पिटलात ती तपासणी पाठवलीच नव्हती. आज तिथे जाऊन विचारलं तर म्हणाले, तेव्हा तुम्हीच प्रत्येक तपासणीचा खर्च विचारत होता. हो, विचारत होते. पण ही तपासणी कशासाठी असते हे कोणी एका वाक्यात सांगितलं असतं, तर मी अंगावरचं सोनं मोडून पैसे भरले असते.

आता डॉक्टर म्हणतात की पहिला रिपोर्ट नसल्यामुळे त्याला धोक्याच्या मधल्या गटात धरावं लागेल, आणि मग बोन मॅरो प्रत्यारोपणाचा विचार करावा लागेल. माझी एचएलए तपासणी, म्हणजे दाता म्हणून मी जुळते का ते बघणारी, परवा आहे. मला एवढंच समजून घ्यायचंय की हे १८ टक्के म्हणजे १८ टक्के आजार शिल्लक आहे का. आणि पहिला दिवस हातातून गेलाच का?

काटोल_रोड
७ ऑक्टोबर, रात्री १२:१५

ताई, झोपा आता. सकाळी इथले जाणकार लिहितील. प्लेटलेट लागल्या तर मला निरोप टाका, माझा ओ पॉझिटिव्ह आहे, मी अर्ध्या तासात पोचतो.

पांढरी_पेशी
७ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

सक्करदराताई, मी रक्तविकार विभागात काम करतो. तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे हे रिपोर्ट कसा वाचायचा एवढ्यापुरतंच समजा.

आधी १८ टक्क्यांचं. हा आकडा पेशींचा नाही, जनुकाच्या प्रतींचा आहे. प्रत्येक पेशीत जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. बिघाड बहुधा एकाच प्रतीत होतो. म्हणजे १८ टक्के प्रती बिघडलेल्या असतील तर साधारण ३६ टक्के पेशींमध्ये तो बदल आहे. हे वाचून तुम्ही आणखी घाबराल, म्हणून लगेच पुढचं सांगतो. मॅरोत ब्लास्ट फक्त २ टक्के आहेत. मग ३६ टक्के पेशी कुठून आल्या? त्यातल्या बहुतेक पेशी नीट वाढलेल्या, आपलं काम करणाऱ्या पेशी आहेत. त्यांच्यात हा बदल आहे, इतकंच.

डीएनएमटी३ए, टीईटी२ आणि एएसएक्सएल१ या तीन जनुकांतले बदल रक्ताच्या मूळ पेशीत ल्युकेमियाच्या कितीतरी आधी आलेले असू शकतात. ल्युकेमिया कधीच न झालेल्या माणसांतही ते सापडतात. सत्तरीच्या पुढच्या दहातल्या एकाहून जास्त जणांच्या रक्तात असे बदल असतात, हे २०१४ पासून माहीत आहे. पऱ्हाटी उपटली तरी वावर तेच राहतं ना, तसं. केमोने ल्युकेमिया गेला तरी ज्या मूळ पेशीतून तो उगवला ती शिल्लक राहू शकते.

२०१८ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेला ४८२ रुग्णांचा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. निदानाच्या वेळी बदल सापडलेल्या रुग्णांपैकी ५१.४ टक्के जणांत रेमिशनमध्ये असतानाही काही ना काही बदल शिल्लक होता. ही तीन जनुकं बाजूला ठेवून इतर कुठला बदल शिल्लक असलेल्यांत चार वर्षांत आजार परतण्याचं प्रमाण ५५.४ टक्के होतं, तसा बदल नसलेल्यांत ३१.९ टक्के. नुसते या तीन जनुकांतले बदल राहिलेल्यांत धोका वाढलेला दिसला नाही. म्हणून या एका ओळीवरून आजार शिल्लक आहे असं म्हणता येत नाही.

पण आजार नाही असंही म्हणता येत नाही, आणि तुमच्या डॉक्टरांची अडचण तिथेच आहे. निदानाच्या वेळी शरीरात ल्युकेमियाच्या साधारण एक लाख कोटी पेशी असतात. रेमिशन म्हणजे मायक्रोस्कोपखाली ब्लास्ट ५ टक्क्यांच्या आत. तेव्हाही एक हजार कोटी पेशी दडून असू शकतात. त्या शोधायच्या तर त्यांची खूण माहीत हवी. ती खूण निदानाच्या दिवशीच्या नमुन्यात असते. आता "बाकी काही नाही" याचे दोन अर्थ निघतात: दुसरा कुठला बदल होता आणि तो केमोने पुसला, जे चांगलं आहे, किंवा दुसरा बदल कधी नव्हताच, मग ल्युकेमियाचा माग काढायला आपल्या हातात काहीच नाही. पहिल्या दिवसाशिवाय या दोन्हींतला फरक कळत नाही.

स्लाईडवाली
७ ऑक्टोबर, दुपारी २:०५

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, नागपुरातच. वरचं सगळं बरोबर आहे. मी फक्त ताईंच्या शेवटच्या प्रश्नावर लिहिते: पहिला दिवस बहुतेक अजून कपाटात आहे.

निदानाच्या दिवशी मॅरो काढली तेव्हा एकच स्लाईड कोणी करत नाही. सात-आठ काचा ओढल्या जातात. दोन-तीन रंगवून वाचल्या जातात, एखाद-दोन खास रंगांसाठी, आणि काही न रंगवता तशाच डब्यात राहतात. या काचेवरच्या वाळलेल्या पेशींमधून डीएनए काढता येतो. रंगवलेल्या काचेवरूनही निघतो, जरा कमी. शिवाय क्रोमोसोमची तपासणी झाली होती म्हणता. ती करताना पेशी मिथेनॉल आणि ॲसेटिक ॲसिडच्या मिश्रणात ठेवतात, आणि उरलेला गाळ छोट्या नळीत घालून फ्रीझरमध्ये जपून ठेवायची पद्धत बऱ्याच लॅबमध्ये आहे. त्या गाळातून तर छान डीएनए मिळतो.

तर ताई, उद्याच जा. दोन ठिकाणी लेखी अर्ज द्या: जिथे मॅरो वाचली तिथे, आणि जिथे क्रोमोसोम बघितले तिथे. अर्जात मॅरोचा नंबर आणि तारीख लिहा, तुमच्या आताच्या डॉक्टरांचं पत्र जोडा. रुग्णाच्या स्लाईड आणि ब्लॉक दुसऱ्या मतासाठी मागणं ही रोजची गोष्ट आहे, कोणाला वाईट वाटायचं कारण नाही. एक करा, सगळ्या काचा नेऊ नका, त्यांच्याकडे निदानाची एक तरी राहिली पाहिजे.

सक्करदरा
७ ऑक्टोबर, दुपारी ४:३०

हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. शाळेतून अर्धी रजा टाकली. निघाले.

लेकीची_आई
७ ऑक्टोबर, रात्री ९:२०

ताई, आम्ही अमरावतीचे, पण उपचार नागपुरात. माझी लेक ७ वर्षांची, तिला एएलएल आहे, म्हणजे लिम्फोब्लास्टिक. आपले आजार वेगळे, तरी आमचा अनुभव लिहिते.

लहान मुलांच्या एएलएलमध्ये इंडक्शन (पहिली केमो) संपल्यावरची एमआरडी, म्हणजे शिल्लक आजाराची तपासणी, हा आमच्यासाठी दहावीच्या निकालापेक्षा मोठा दिवस असतो. तिची फ्लो सायटोमेट्रीने केली, म्हणजे एकेक पेशी मशीनमधून तपासून. ती दहा हजार पेशींत एक आजारी पेशी पकडते असं डॉक्टरांनी समजावलं. रिपोर्ट ०.०१ टक्क्याच्या खाली आला. निदानाच्या वेळी तिच्या ल्युकेमियात ईटीव्ही६-रनएक्स१ हा जोड सापडला होता, तोही चांगल्यातला. दोन्ही मिळून तिला कमी धोक्याच्या गटात टाकलं आणि काही तीव्र औषधं टळली. म्हणजे जनुकांचा रिपोर्ट नुसता वाईट बातमी द्यायलाच असतो असं नाही. माझ्या लेकराला त्यानं जास्तीच्या विषापासून वाचवलं.

पण खरं सांगायचंय ते पुढचं. मेंटेनन्समध्ये, म्हणजे नंतरच्या लांब उपचारात, ६-एमपी या केमोच्या गोळ्या रोज रात्री. दर दोन आठवड्यांनी सीबीसी, आणि दर वेळी काऊंट पडलेले. गोळी बंद, काऊंट वर, गोळी सुरू, परत खाली. चार महिने हेच. मला रात्री स्वप्नात सीबीसीचा कागद दिसायचा. शेवटी डॉक्टरांनी एनयूडीटी१५ नावाच्या जनुकाची तपासणी केली. हे जनुक आजाराचं नाही, लेकीचं स्वतःचं. त्यात असा बदल निघाला की नेहमीचा डोस तिला झेपतच नाही. आशियाई लोकांत हा बदल जास्त आढळतो म्हणे. डोस उतरवला आणि तेव्हापासून एक दिवसही गोळी चुकली नाही. औषधात वारंवार खंड पडला की आजार परतायची भीती वाढते, म्हणून मी ही तपासणी आजार परतू नये यासाठीचीच धरते.

तुमच्या भावाला लवकर बरं वाटू दे.

स्लाईडवाली
७ ऑक्टोबर, रात्री ९:५५

लेकीची_आई, छान लिहिलंत. जोडून सांगते, एएलएलमध्ये सिक्वेन्सिंग वेगळ्या खुणेवर चालतं. प्रत्येक बी किंवा टी पेशी आपलं अँटिबॉडीचं किंवा रिसेप्टरचं जनुक स्वतःच कापून जोडून घेते, आणि प्रत्येकीचा जोड निराळा. ल्युकेमियाच्या सगळ्या पेशी एकीचीच पिल्लं, म्हणून सगळ्यांचा जोड एकच. निदानाच्या दिवशी तो वाचून ठेवला की नंतर दहा लाखांत एक पेशी असली तरी सापडू शकते. अमेरिकेत या पद्धतीच्या तपासणीला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. इथेही अट तीच: पहिल्या दिवसाचा नमुना हवा.

काटोल_रोड
८ ऑक्टोबर, सकाळी १०:१०

मी थोडं वेगळं सांगून राहिलो, राग नका मानू.

माझे वडील ७१ वर्षांचे होते. एएमएल. निदानाला एनजीएस केला, टीपी५३ जनुकात बदल आला. वाईट असतो म्हणाले. व्हेनेटोक्लॅक्स आणि ॲझासायटिडिन ही औषधं सुरू केली. दोन महिन्यांनी परत एनजीएस, चार महिन्यांनी परत. दर वेळी टीपी५३ तिथेच. औषध तेच, डोस तोच. आम्ही काटोलकडचं संत्र्याचं अडीच एकर विकलं. तिसऱ्या रिपोर्टच्या दिवशी बाबा मला म्हणाले, "तो कागद नको दाखवू बाप्पा, मला कळते माझं." ते संक्रांतीला गेले.

मला अजून वाटते, दुसऱ्या आणि तिसऱ्या तपासणीचे पैसे वाचवून त्यांना दोन महिने आधी घरी नेलं असतं तर बरं झालं असतं. विज्ञानाबद्दल तक्रार नाही माझी. पण ज्या घरात पैसा मोजून वापरावा लागते, तिथे कुठली तपासणी कशासाठी हे कोणी तरी सांगितलं पाहिजे.

पांढरी_पेशी
८ ऑक्टोबर, रात्री १०:३०

काटोल_रोड, दादा, तुमचं दिवसभर डोक्यात होतं. तुम्ही बरोबर बोललात.

मी माझ्या पेशंटच्या घरच्यांना आता असं सांगतो: तपासणी पाठवायच्या आधी डॉक्टरांना विचारा, रिपोर्ट असा आला तर काय कराल, तसा आला तर काय कराल? दोन्हींचं उत्तर एकच असेल तर ती तपासणी थांबू शकते. तुमच्या वडिलांच्या दुसऱ्या-तिसऱ्या रिपोर्टचं उत्तर एकच होतं. निदानाच्या दिवशीच्या तपासणीचं तसं नसतं. एफएलटी३ जनुकात बदल सापडला तर पहिल्या केमोच्या आठव्या दिवसापासून मिडोस्टॉरिन हे औषध जोडता येतं, अमेरिकेत त्याला २०१७ मध्ये मान्यता मिळाली. पीएमएल-आरएआरए हा जनुकांचा जोड सापडला तर सगळा उपचारच बदलतो, एट्रा आणि आर्सेनिक या औषधांनी बहुतेक जण बरे होतात. मोजक्या पैशांत एकच तपासणी करायची असेल तर ती पहिल्या दिवशीची करा.

विदर्भएक्स्प्रेस
९ ऑक्टोबर, सकाळी ८:००

मुंबईला परळला दाखवायला जाणाऱ्यांसाठी: हॉस्पिटलकडून रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात सवलतीचं प्रमाणपत्र घ्या. कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत मिळते, सोबत्याला ७५ टक्के. आणि फुले योजनेत ॲडमिट असाल तर पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राला गाठून कुठली तपासणी बसते, कुठली नाही, हे लिहून घ्या.

नवखी_वाचक
९ ऑक्टोबर, दुपारी १:१५

एक भाबडा प्रश्न. जनुकात बदल म्हणजे हे घराण्यात येतं का? ताईंच्या भावाला मुलं असतील तर त्यांची तपासणी करायची का? आणि ताई दाता झाल्या तर त्यांच्यातही तोच बदल असू शकतो ना?

पांढरी_पेशी
९ ऑक्टोबर, रात्री ११:००

भाबडा नाही, हा प्रश्न दात्याच्या बाबतीत विचारलाच पाहिजे. ल्युकेमियातले बहुतेक बदल जन्मानंतर रक्ताच्या एखाद्या पेशीत झालेले असतात, ते मुलांत जात नाहीत. पण काही थोड्या घरांत डीडीएक्स४१, रनएक्स१, सीईबीपीए, जीएटीए२ अशा जनुकांतला बदल जन्मतःच असतो. रिपोर्टमध्ये त्याची खूण अशी: प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास, आणि रेमिशन आलं तरी तसूभर हलत नाही. असं दिसलं तर कातडीच्या पेशी वाढवून खात्री करतात. आणि तसं निघालं तर भावंडाचा दाता म्हणून विचार करण्याआधी भावंडाची तपासणी करतात, कारण तोच बदल असलेली मॅरो रुग्णात घालायची नसते. सक्करदराताईंच्या भावाच्या रिपोर्टमध्ये असं काही दिसत नाही.

सक्करदरा
१७ ऑक्टोबर, रात्री १०:५०

स्लाईड मिळाल्या!

सविस्तर लिहिते, कोणाला तरी उपयोगी पडेल. पहिल्या हॉस्पिटलात मेडिकल रेकॉर्डवाले म्हणाले लॅबला विचारा, लॅबवाले म्हणाले रेकॉर्डला. तिसऱ्या खेपेला लॅबमधले एक वयस्कर तंत्रज्ञ बाहेर आले. माझ्या हातातला अर्ज वाचला, आत गेले आणि लाकडी खोका घेऊन आले. जुन्या लायब्ररीत कार्डांचे खण असायचे ना, तसे आत खाचे, आणि प्रत्येक खाचेत एक काच उभी. नंबर हिऱ्याच्या पेनाने काचेवर कोरलेला. त्यांनी आमचा नंबर शोधून पाच काचा टेबलावर मांडल्या. दोन जांभळ्या, तीन बिनरंगाच्या, नुसता राखाडी पट्टा ओढल्यासारख्या. मला म्हणाले, "हे तुमच्या भावाचं ऑगस्टमधलं रक्त आहे, जपून न्या." मला तिथेच रडू आलं. बिनरंगाच्या दोन आणि रंगवलेली एक दिली, दोन ठेवून घेतल्या. क्रोमोसोमच्या लॅबने गाळाची नळीही दिली.

स्लाईडवाली, तुम्ही लिहिलं नसतं तर मी हा दरवाजा वाजवलाच नसता. नमुने आज दिवाळीच्या गर्दीतच कुरिअर झाले.

स्लाईडवाली
१७ ऑक्टोबर, रात्री ११:१०

खूप बरं वाटलं. आता पुढच्या मॅरोसाठी दोन गोष्टी लिहून ठेवा.

सुई आत गेल्यावर सिरिंजमध्ये पहिल्यांदा जे ओढलं जातं त्यात मॅरोच्या पेशी सर्वात जास्त असतात. दुसऱ्या-तिसऱ्या ओढीत रक्त मिसळत जातं आणि शिल्लक आजार असला तरी पातळ होऊन हुकू शकतो. म्हणून एमआरडीला पहिली ओढ गेली पाहिजे, जांभळ्या बुचाच्या ईडीटीए नळीत. काढणाऱ्या डॉक्टरांना आधी आठवण द्या, ते रागावत नाहीत.

दुसरं, नमुना बाहेरगावी जाणार असेल तर मॅरो शुक्रवारी-शनिवारी करू नका. रविवारभर पाकीट कुठे तरी पडून राहतं, पेशी मरतात, फ्लो तर वायाच जातो. सोमवार ते बुधवार उत्तम. आणि नागपूरचा मे महिना असेल तर थंड पॅकचा डबा मागून घ्या, ४५ डिग्रीत कुरिअरच्या गाडीत नमुना शिजतो. बर्फाला थेट चिकटवायचा मात्र नाही.

सक्करदरा
३ नोव्हेंबर, सायंकाळी ७:३०

रिपोर्ट आला. ऑगस्टच्या नमुन्यात डीएनएमटी३ए होताच. त्यासोबत एनपीएम१ या जनुकाचा बदल, टाईप ए. एफएलटी३-आयटीडी, म्हणजे एफएलटी३ मधला एक बदल, वेगळ्या पद्धतीने बघितलं, नाही. टीपी५३ नाही.

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू बघितलं. पण ते लगेच म्हणाले, अजून एक पायरी आहे. पांढरी_पेशी, समजावाल का?

पांढरी_पेशी
४ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

अभिनंदन, ताई. ही खरंच चांगली बातमी आहे. एनपीएम१ आहे आणि एफएलटी३-आयटीडी नाही, हा गट युरोपियन ल्युकेमियानेटच्या २०२२ च्या वर्गीकरणात अनुकूल धरला जातो. मधल्या गटातून भाऊ चांगल्या गटात आला, आणि तेही आजार न बदलता, फक्त माहिती मिळाली म्हणून.

आता पायरी. एनपीएम१ ही अतिशय भरवशाची खूण आहे. डीएनएमटी३ए सारखी ती निरोगी पेशीत रेंगाळत नाही. एनपीएम१ दिसला म्हणजे ल्युकेमियाच. तुमच्या सप्टेंबरच्या पॅनेलमध्ये तो दिसला नाही, पण नेहमीचं पॅनेल शंभरात एक-दोन प्रतींच्या खालचं पकडत नाही. त्यासाठी आरक्यू-पीसीआर, एकच खूण शोधून मोजणारी, लाखात एक पकडणारी तपासणी. ब्रिटनमधल्या २०१६ च्या अभ्यासात दुसऱ्या केमोनंतर रक्तात एनपीएम१ शिल्लक राहिलेल्यांपैकी ८२ टक्के जणांत तीन वर्षांत आजार परतला, शिल्लक न राहिलेल्यांत ३० टक्के. भावाची दुसरी केमो झालीय, काऊंट सावरलेत, म्हणजे तपासणीची वेळ हीच.

३० टक्के म्हणजे शून्य नव्हे, हेही सांगून ठेवतो. निगेटिव्ह आलं तरी पाळत सोडायची नाही.

तुम्हाला एक गोष्ट सांगावीशी वाटते. कॅन्सरचा पहिला संपूर्ण जीनोम वाचला गेला तो २००८ मध्ये, अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात. तो एएमएल झालेल्या पन्नाशीतल्या एका बाईंचा होता, त्यांचेही क्रोमोसोम तुमच्या भावासारखे नॉर्मल. दहा जनुकांत बदल सापडले, त्यात एनपीएम१ होता. दोन वर्षांनी त्याच नमुन्याचं जास्त खोल वाचन केलं तेव्हा डीएनएमटी३ए सापडला, पहिल्या वेळी तो निसटला होता. आणि २०१५ मध्ये याच विद्यापीठातल्या गटाने ५० रुग्णांचे निदानाचे आणि तिसाव्या दिवसाचे नमुने शेजारी ठेवून वाचले. २४ जणांत किमान ५ टक्के पेशींमध्ये बदल शिल्लक होते, आणि त्यांचं मध्यम आयुर्मान १०.५ महिने निघालं, बाकीच्यांचं ४२.२ महिने. शेजारी ठेवायला पहिला नमुना जपलेला होता, म्हणून हे कळलं.

लेकीची_आई
४ नोव्हेंबर, सकाळी ९:००

आम्ही सगळे वाट बघतोय, ताई.

सक्करदरा
१४ नोव्हेंबर, रात्री ८:४५

रक्तातला एनपीएम१: आढळला नाही.

माझी एचएलए पूर्ण जुळली होती. मी मनाने तयार झाले होते, शाळेला रजेचा अर्जही दिला होता. आज डॉक्टरांनी सांगितलं, पहिल्या रेमिशनमध्ये प्रत्यारोपण करायचं नाही. सायटाराबिनचे आणखी दोन कोर्स, मग दर तीन महिन्यांनी एनपीएम१, दोन वर्षं. आकडा दिसायला लागला तर आजार ब्लास्टमध्ये दिसायच्या कितीतरी आधी कळेल, आणि तेव्हा मी आहेच. प्रत्यारोपणात जिवाला धोका असतो, जीव्हीएचडी (दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावरच हल्ला करतात तो त्रास) असते, ते सगळं आत्ता त्याच्यावर लादायचं नाही.

भाऊ गप्प होता. गाडीत बसल्यावर म्हणाला, "ताई, सावजी खायला कधी मिळणार?" काऊंट वर आले की, म्हटलं.

काटोल_रोड
१४ नोव्हेंबर, रात्री ९:२०

ताई, डोळ्यात पाणी आलं. बाबांच्या वेळी असा एखादा रिपोर्ट आला असता तर... जाऊ द्या. दोन कोर्स बाकी आहेत म्हणता, प्लेटलेट लागतील. नंबर आहेच माझा तुमच्याकडे.

सक्करदरा
११ जानेवारी, रात्री १०:१०

काटोल_रोड दादांनी तिसऱ्या कोर्सला एकदा आणि चौथ्याला दोनदा प्लेटलेट दिल्या. माझ्या घरी आता त्यांचा फोन आला की आई आधी घेते.

चौथा कोर्स संपला. मध्ये ताप आला, आठ दिवस ॲडमिट होता, आता घरी आहे. सकाळी गच्चीवर उन्हात बसून सोललेलं संत्रं खातो, सालीसकट फळ धुऊन मीच सोलून देते.

उपचार संपल्यानंतरची मॅरो ९ फेब्रुवारीला ठरली आहे, सोमवारी सकाळी. फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवलंय: पहिली ओढ एमआरडीला, जांभळं बूच.